वाडा सोडून बोला

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, आणि खर्च आला १६,११० रुपये. हा आकडा पुण्यातल्या कुठल्याही गाइडला झोपेत विचारा, सांगेल. बाजीरावसाहेबांची एक सोय होती. त्यांना वाडा बांधायचा होता, विकायचा नव्हता. पेठेतला पडका वाडा विकायला काढायची वेळ आली असती, तर नर्मदा ओलांडणं त्यांना बरं वाटलं असतं.

आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाने हा उद्योग आरंभला आहे. वाडा शनिवार पेठेत, दोन चौकी. मागचा चौक १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात बसला तो बसलाच. पुढचा उभा आहे, म्हणजे शेजारच्या अपार्टमेंटला टेकून आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर दिंडी दरवाज्यावर ‘धोकादायक वाडा’ अशी नोटीस चिकटते. एकावर एक चिकटून तिचा आता चांगला जाड पुठ्ठा झाला आहे, आणि मिस्त्री म्हणतो, दरवाज्याचा तेवढाच भाग मजबूत आहे.

किंमत काढायला सरकारमान्य मूल्यांकनकार आले. प्राप्तिकराच्या हिशेबाला वडिलोपार्जित मिळकतीची १ एप्रिल २००१ ची किंमत लागते. रेडी रेकनरचे नवे दर लागू व्हायचे तेही एक एप्रिललाच. घराची किंमत ठरवायला सरकारला वर्षातला हाच दिवस का आवडतो, हे ज्याने त्याने समजून घ्यावं. साहेबांनी टेप लावली, फोटो काढले, चहा घेतला आणि अहवाल दिला. जमिनीची किंमत अमुक. इमारतीचं उरलेलं आयुष्य शून्य. पाडकाम आणि राडारोडा उचलण्याचा खर्च वजा. थोडक्यात, वाडा नसता तर मिळकत जास्त किमतीची ठरली असती. पणजोबांनी उगाच बांधला.

गंमत पुढे आहे. रेडी रेकनरच्या आकड्याच्या फार खाली सौदा झाला, तर मालकाला कर मात्र सरकारी भावानेच भरावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, एवढी किंमत येत नाही; सरकार म्हणतं, येते. दोघांपैकी पैसे देणारा एकच, आणि तो सरकार नव्हे.

मग भाडेकरू. सात बिऱ्हाडं आणि रस्त्यावरची दोन दुकानं. एका बिऱ्हाडाचं भाडं महिना पन्नास रुपये आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मागता येते, म्हणजे दोन रुपये. ते दोन रुपये मागायला मालकांपैकी थोरले दादा एकदा जिना चढून गेले होते. जिन्याच्या चौथ्या पायरीतून पाय खाली गेला, आणि पायरी दुरुस्त करायची जबाबदारी कुणाची, या मुद्द्यावर चर्चा संपली. सातांपैकी तीन बिऱ्हाडं कधीच कोथरूडला गेली. खोलीत राहतं ते फक्त कुलूप. मात्र कुलपाचं भाडं मनीऑर्डरच्या काळापासून आजवर एकदाही चुकलेलं नाही, कारण नव्या इमारतीत कुलपालाही फ्लॅट हवा आहे. बिल्डर आला की आधी कुलपं मोजतो, मग मालकाकडे बघून कीव आल्यासारखं हसतो.

तरी बिल्डरने प्रस्ताव दिलाच असता. अडचण आणली ती पुन्हा शनिवारवाड्याने. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने, असा २०१० च्या दुरुस्तीपासूनचा केंद्राचा कायदा आहे. या वाड्यातून ती शंभर मीटरची रेषा, एका मोजणीप्रमाणे, माजघर आणि न्हाणीघर यांच्या मधून जाते. माजघर प्रतिबंधित क्षेत्रात, न्हाणीघर विनियमित क्षेत्रात. दुसऱ्या मोजणीत ती ओसरीवरून गेली. रेषा चार हात इकडे सरकली की वाड्याचा भाव पडतो, तिकडे सरकली की चढतो. त्यामुळे घरातले लोक हल्ली टेप धरणाऱ्या माणसाला वरण-भात-तूप वाढतात. खुद्द शनिवारवाडा १८२८ साली जळाला, आत आता जोती आणि कारंजी उरली आहेत. पण शेजाऱ्यांचे भाव ठरवण्याची त्याची पेशवाई अजून अबाधित आहे.

वारस अकरा. भाऊ म्हणतात नऊ, कारण दोन आत्या त्यांनी मोजल्याच नव्हत्या. २००५ साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण या घरी तो बदल पोचायला काही वर्षं लागली. पोचल्यावर त्या भाऊबिजेला धाकट्या आत्यांनी भावांना ओवाळलं. थोरल्या दादांनी ताटात पाकीट घातलं. पाकिटात हक्कसोडपत्राचा मसुदा. आत्यांनी शांतपणे चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “दादा, ओवाळणी यंदा जरा कमी वाटते.”

एवढ्या सगळ्या मंडळींत वाड्याकडे नीट पाहिलं ते एकाच माणसाने. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने. बाकीचे जमीन बघून गेले, हा वर बघत आत शिरला. देवडीतल्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला. किल्लीने रंगाचे पापुद्रे खरवडले. आधी निळा ऑइलपेंट, मग हिरवा, मग चुना, आणि त्याखाली मधाच्या रंगाचं सागवान. वास घेतला. माजघराच्या तुळईखाली उभं राहून म्हणाला, “मालक, भिंतीत घुसलेलं टोक गेलंय. वर कुणीतरी संडास काढलाय ना? पाणी तिथून झिरपतंय. बाकी तुळई अजून दीडशे वर्षं हलत नाही.” सरकारमान्य अहवालात आयुष्य शून्य, आणि भंगारवाल्याच्या अंदाजात दीडशे वर्षं! त्याने घनफुटाचा भाव सांगितला. खांब मुळशीकडच्या एका फार्महाउसला जातील, महिरपी एका हॉटेलात. तिथे ‘वाडा थाळी’ मिळेल. म्हणजे वाड्याची किंमत येते, फक्त वाडा आधी सुटा करून द्यावा लागतो.

तसं वाडा ठेवू म्हणणारं एक जोडपंही आलं होतं. दोघं आर्किटेक्ट. कडीपाट बघून त्यांचे डोळे भरून आले, आडात वाकून पाहिलं, चौकात सेल्फी काढला. चुना भिजवायचा, गूळ-बेलफळाचं पाणी घालायचं, कुजलेलं टोक कापून सांधा मारायचा, सगळं त्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीही मिळाला. त्याने हिशेब केला आणि हळूच विचारलं, “यापेक्षा पाडून नवीन का नाही बांधत?” नवीन बांधता येत नाही, कारण रेषा. दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि परवानगीच्या अर्जावर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. अकरा की नऊ, तिथे गाडी अडली. शेवटी ते बँकेत गेले. बँकेने विचारलं, इमारतीचं उरलेलं आयुष्य किती? समोरची अपार्टमेंट पंचवीसेक वर्षांत पुनर्विकासाला गेली, तिच्यावर कर्ज मिळतं. तिच्या बापाच्या वयाच्या वाड्यावर मिळत नाही. जोडपं हल्ली बाणेरला राहतं, असं ऐकतो. दिवाणखान्यात आमच्याच पेठेतली एक जुनी खुंटी लावली आहे म्हणे.

वारसा जपावा असं आम्हालाही वाटतं. आमचंही मत विचारलं, तर आम्ही ‘जपलाच पाहिजे’ म्हणतो आणि घरी येऊन लिफ्टचं बटण दाबतो. पुण्यात वाड्यांवर जितकी व्याख्यानं झाली, तितक्या कौलांत दोनचार वाडे शाकारून झाले असते.

परवा सगळे वारस पुन्हा चौकात जमले. कॅनडातला पुतण्या व्हिडिओ कॉलवर होता. रेडी रेकनर, एफएसआय, घनफूट, सगळं उगाळून झालं, आवाज चढले, आत्या उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी दिंडीतून वाकून आत आले. त्यांच्याकडे गाड्या लावायला जागा नाही. म्हणाले, “तुमचं ठरेपर्यंत चौक दुचाकींना द्याल का? गाडीमागे महिना चारशे, चाळीस गाड्या.” दादांनी मनातल्या मनात गुणाकार केला. चार बिऱ्हाडं, दोन दुकानं आणि तीन कुलपं मिळून वर्षाला जेवढं देतात, ते यात महिन्यात येत होतं. कॅनडानेही अंगठा दाखवला. १९६१ नंतर प्रथमच या घरात ठराव एकमताने मंजूर झाला, अकराही सह्या पडल्या, आत्यांच्या दोन धरून.

भाडेकरूंनी हरकत घेतली आहे. पहिल्या रांगेतली जागा कुलपांना हवी.