थंड्या सोफीच्या प्रतीक्षेत

म्युनिक, 13 मे

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही "वांगी लावली का रे?" म्हणून विचारलंत आणि तुमचे चिरंजीव फोन माझ्या हातात देऊन खिडकीकडे निघून गेले. रागावले नव्हते. रोपं मोजायला गेले. सकाळ-संध्याकाळ मोजतात, जणू रात्रीतून एखादं पळून जाणार आहे.

तुमच्याकडे सुरतेला उधन्यात पंख्याची हवासुद्धा चटके देत असेल. इथे पहाटे पारा दोन-तीन अंशांवर. वांग्याला रात्री दहाच्या खाली गेलेलं सोसत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत हीटरवरच्या खिडकीत पेरलेली रोपं वीतभर झाली, फुलं धरायला लागली, तरी घरातच. दिवसा गॅलरीत कोवळं ऊन, दिवेलागणीला आत. बाळंतिणीचीसुद्धा एवढी बडदास्त नसते. जेवणाच्या टेबलावर ट्रे असल्यामुळे आम्ही खाली मांडी घालून जेवतो. आई, तुम्ही इतकी वर्षं सांगून जे झालं नाही, ते वांग्यांनी केलं.

अडलंय ते संतांपाशी. इथले बागवाले म्हणतात, बर्फाचे संत गेल्याशिवाय वांगी-टोमॅटो बाहेर काढायचे नाहीत. काल 12 तारखेला पांक्रात्सियुस झाले (लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनाला नाव आहे तेच हे), आज सर्व्हात्सियुस, उद्या बोनिफात्सियुस आणि 15 ला थंडी सोफी. ही बाई सगळ्यांत खट. आपल्या शीतळामातेची जाऊच असावी. ती एक दिवस चूल बंद ठेवते, ही आख्खा वाफा.

बरं, सोफी गेली की सुटलो म्हणावं, तर आमच्या बागेशेजारच्या प्लॉटवरच्या आजींनी नवीनच काढलं. पोप ग्रेगरींनी 1582 साली कॅलेंडरातले दहा दिवस गाळले, संतांच्या तारखा मात्र होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे जुन्या हिशेबाची सोफी 25 मेला! चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाबा, तुम्ही त्यांना जरा मृगाचं सांगा. 7 जून उजाडला म्हणून पेरायला धावलेल्यांची दुबार पेरणी तुम्ही खानदेशात पाहिली आहे. माझं सांगितलेलं त्यांना पटत नाही.

आणि हो, आपल्या गल्लीत "मुलाने जर्मनीत फार्महाऊस घेतलं" असं सांगणं थांबवा. ही भाड्याची बाग आहे, तीन गुंठ्यांचीसुद्धा नाही. 1983 च्या कायद्याने प्लॉट 400 चौरस मीटरच्या वर नको, खोपटं 24 चौरस मीटरच्या वर नको आणि त्यात मुक्काम ठोकायला मनाई. शिवाय साधारण तिसरा हिस्सा भाजी-फळांना द्यावाच लागतो, नुसती हिरवळ करून खुर्ची टाकता येत नाही. डुमसला जाऊन भजी खाऊन येण्यातला हा प्रकार नव्हे.

धीर नाहीच धरवला म्हणून चिरंजीवांनी मुळा आणि वाटाणा लावून टाकलाय. त्यांना थंडीचं काही वाटत नाही. बटाट्याचे कोंब मात्र वर आले आणि रात्री दहिवराचा बर्फ व्हायला लागला. दुकानात पांढरं कापड मिळतं झाकायला, पण आई, तुम्ही रिंग रोडच्या मार्केटमधून पाठवलेली ती मोरपंखी जॉर्जेट आठवते? पाणी पीत नाही, वजनाला हलकी, काठाला वीट ठेवली की बसली. सकाळी आजी कुंपणाशी थांबून बराच वेळ बघत होत्या. मग मला हळूच विचारलं, बटाट्यांचं लग्न आहे का?

पापडीचं बी लाडवांत लपवून आणण्याचा तुमचा बेत कळला. नको. 2019 च्या डिसेंबरपासून रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय बी आणू देत नाहीत, आणि विमानतळावर लाडूही फोडतील. लाडू नुसतेच आणा.

तुमची सून

ता. क. जूनमध्ये येताना आई, एखादी जुनी नववारी आणा. सहावारीत शेवटचे बटाटे उघडे राहतात.