गादीखालचं सत्य झाकणाऱ्या लॉजमालकास

लॉजमालक,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. तो मी लिहिणार नाही.

नारायणगावच्या तुमच्या लॉजमध्ये भाडं एका माणसाचं घेतलंत आणि खोलीत आधीच बिऱ्हाड थाटून बसलेल्या ढेकणांचं जेवण माझ्या अंगावर टाकलंत. सकाळी हातावरच्या गांधी दाखवल्या, तर म्हणालात, "डास असतील." डास गादीच्या शिवणीत काळे डाग सोडत नाहीत. ती ढेकणांची विष्ठा असते, पचलेलं रक्त. पलंगाच्या उशाकडची फळी हलवली, तर फटीत पांढरी अंडी आणि टाकलेल्या काती. वर चादर मात्र परीटघडीची!

"ढेकूण गिऱ्हाईकच आणतात," हे तुमचं दुसरं उत्तर. आणतात, खरं आहे. पण आणलेले पोसले कोणी? रक्त न मिळताही ढेकूण कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे खोलीला आठवडाभर कुलूप लावून काही साधत नाही. बाजारचा फवारा एकदा मारून खोली पुन्हा भाड्याने देणं तर शुद्ध फसवणूक. डीडीटीला ढेकूण १९४०च्या दशकातच पुरून उरू लागले, आजच्या बऱ्याच फवाऱ्यांनाही ते दाद देत नाहीत. त्यातून अंडी वाचतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. आपल्या आज्या बाजेवर उकळतं पाणी ओतायच्या ते उगाच नव्हे. ५० अंशांपुढची उष्णता अंड्यांनाही मारते. वाफेचं यंत्र फटीफटीतून फिरवायला तुम्हाला काय जड जातं?

तुमच्याकडे उतरतं कोण? ओझर-लेण्याद्रीचे भाविक, टोमॅटोचे व्यापारी, जत्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला आलेली गावकरी मंडळी. त्यांच्या पिशवीतून अंड्यावरची एक मादी गेली, तरी त्यांचं घर ढेकणांनी भरतं. गाद्या टाकून देण्याची ऐपत त्यांतल्या किती जणांची असते? तुम्ही मात्र चादर बदलून मोकळे.

प्रवाशांनो, हे पत्र तुमच्यासाठीही आहे. बॅग पलंगावर टाकू नका. आधी बाथरूममध्ये ठेवा. मोबाइलच्या उजेडात गादीची शिवण, पलंगाचे सांधे, उशाकडची फळी बघा. डाग दिसले तर शेजारची खोलीही घेऊ नका, ढेकूण भिंतीच्या फटींतून तिकडेही पोचतात. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात घाला. आणि पैसे मोजाल ते खोली तपासल्यावरच.