प्रतलाचार्य

येरवड्याच्या गोल्फ मैदानावर सकाळी साडेसहाला, धुके पुरते विरण्यापूर्वीच, काठी उगारून पुतळ्यासारखे निश्चल उभे राहिलेले आणि मागे खोळंबलेल्या चौकडीच्या खाकरण्याकडे स्थितप्रज्ञ वृत्तीने दुर्लक्ष करणारे जे गृहस्थ दिसतात, त्यांना आम्ही खाजगीत प्रतलाचार्य म्हणतो. त्यांच्या जातीचा एक तरी इसम प्रत्येक क्लबात असतोच. हे बांधकाम खात्यातील निवृत्त कार्यकारी अभियंता. नोकरीच्या हयातीत त्यांनी जे शेकडो मैल रस्ते सरळ आखले, त्यांचे उट्टे विधात्याने त्यांच्या चेंडूवर काढले असावे, कारण तो निघतो नाकासमोर आणि मुक्कामाला जातो उजव्या अंगाच्या झाडीत.

चेंडू झाडीत जाणे हा काही गुन्हा नव्हे, तो माझाही जातो. आचार्यांच्या चेंडूचा मात्र रीतसर पंचनामा होतो. काठीचे डोके ज्या वर्तुळात फिरते ते जमिनीशी तिरक्या अशा एका प्रतलात असते; ड्रायव्हर लांब म्हणून त्याचे प्रतल आडवे, आखूड काठीचे उभे; आणि खांद्याने घाई केली की डोके प्रतल सोडून चेंडूवर बाहेरून आत, म्हणजे उजवीकडून डावीकडे, कापत येते — ही सारी कैफियत ते मागच्या चौकडीलाही ऐकू जाईल अशा आवाजात देतात, आणि खरे सांगायचे तर तीत एक अक्षर चुकीचे नसते.

बेन होगन यांच्या १९५७ च्या पुस्तकात, खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेले व चेंडूपर्यंत उतरत गेलेले एक काचेचे तावदान चितारले आहे, ज्यातून त्याचे डोके तेवढे वर आलेले असते. आचार्यांनी सुताराकडून तसाच प्लायवूडचा तक्ता करवून घेतला. पहिल्याच प्रयोगात डोके आत गेले ते बाहेर येईना. शेवटी खोबरेल तेलाची अर्धी बाटली आणि दोन्ही कानांची सालपटे खर्ची पडली. हल्ली उन्हाळ्यात वहिनी त्या तक्त्यावर कुरडया वाळत घालतात आणि भोकावर परात झाकतात.

त्यांचा कॅडी या शास्त्रार्थात पडत नाही. साहेब प्रतलाचे चिंतन करू लागले, की तो मुकाट्याने झाडीत जाऊन उभा राहतो. एकदाच तो म्हणाला होता, “साहेब, काठीचं तोंड उघडं राहतंय.” त्यावर आचार्य, कलेक्टराने तलाठ्याकडे पाहून हसावे, तसे हसले. वास्तविक गोम तेथेच होती. चेंडू निघतो तो मुख्यत्वे काठीच्या तोंडाच्या रोखाने, आणि वळतो तो तोंड व मार्ग यांच्यातील कोनामुळे. शिवाय काठी व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाचा सुमारे दोनहजारावा भाग टिकतो, एवढ्या अवधीत तेथे कोणाचे फर्मान चालणार?

परवाच्या रविवारी, काठी उगारलेली असतानाच आचार्यांच्या मानेला डास चावला. त्यांनी वैतागून हाणलेला तो चेंडू हिरवळीच्या ऐन मध्यावरून सरळ दोनशे यार्ड गेला. मागच्या चौकडीने टाळ्या पिटल्या. आचार्यांचा चेहरा मात्र हिशेबात रुपया जास्त निघालेल्या खजिनदारासारखा झाला. “हा सरळ का गेला?” त्यांनी मला जाब विचारला. मी डासाकडे बोट दाखवले, ते त्यांना रुचले नाही. एवढ्यात झाडीतून बाहेर येऊ लागलेल्या कॅडीला हातानेच ‘तिथेच थांब’ अशी खूण करून त्यांनी खिशातून दुसरा चेंडू काढला.