उद्या घेऊ बॅकप

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळांत डीटीपीवाले काका हमखास भेटतात. स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, प्राध्यापकांचे प्रबंध असं सगळं त्यांच्या एका कॉम्प्युटरच्या पोटात. काका तसे कमालीचे सावध. रेशनकार्डाच्या पाच झेरॉक्स, त्यातल्या दोन ट्रू कॉपी केलेल्या. घराची जादा किल्ली शेजारच्या वहिनींकडे. प्रवासात बनियनच्या चोरखिशात पाचशेची वेगळी नोट. फक्त फाइलींचा विषय निघाला, की काकांचा देवावर विश्वास बसतो.

‘बॅकप घेता ना?’ असं विचारलं तर ते दुखावतात. ‘म्हणजे काय! सगळं डी ड्राइव्हवर टाकून ठेवलंय. सी उडालं तर डी आहे की.’ भाच्याने एकदा समजावलं, की मामा, सी आणि डी एकाच हार्ड डिस्कवर आहेत. वाड्याच्या दोन खोल्यांत दागिने ठेवले म्हणून वाडा पडायचा राहत नाही. काका म्हणाले, ‘आमचा वाडा बिल्डरने पाडला. तो आपणहून कधीच पडला नसता.’

मुलीने आग्रह केला म्हणून त्यांनी बाहेरची हार्ड डिस्कही घेतली. दसऱ्याला तिची हळदकुंकू वाहून पूजा झाली आणि ती बिलासकट खोक्यात गेली. वापरून खराब होऊ नये म्हणून. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या जागी, हा जाणकारांचा नियम त्यांना तोंडपाठ आहे. त्यावरही उत्तर तयार असतं, ‘तिसरी प्रत गिऱ्हाइकाकडे असतेच. छापलेली!’

भाच्याने मग ‘टॉय स्टोरी २’ची गोष्ट सांगितली. १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि बनत असलेला सिनेमा भराभर पुसला गेला. बॅकप होता, पण तो नीट चालत नव्हता हे कुणाला माहीतच नव्हतं. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या कॉम्प्युटरवर प्रत सापडली, म्हणून निभावलं. काकांनी मन लावून ऐकलं आणि निष्कर्ष काढला, ‘बघ! एवढा बॅकप घेऊन त्यांचा तरी काय उपयोग झाला?’

गंमत म्हणजे काकांच्या फोनचा बॅकप रोज रात्री आपोआप होतो. त्यामुळे समस्त नातेवाइकांनी पाठवलेले सुप्रभातचे गुलाब पूर्ण सुरक्षित आहेत. प्राध्यापकांचा प्रबंध तेवढा रामभरोसे.

व्हायचं ते ऐन दिवाळी अंकाच्या घाईत होतं. डबड्यातून टक्‌टक् आवाज येऊ लागतो. काका आधी डबड्यावर थाप मारतात, मग कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावतात. तो डिस्क काढून कानाशी नेतो आणि डॉक्टरसारखी मान हलवतो. डेटा परत मिळवून देणारा माणूस काम बघण्याआधीच जो आकडा सांगतो, तो ऐकून काकू म्हणतात, ‘त्यात नवीन कॉम्प्युटर येईल.’ पुढे रात्री जागून, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रुफं शोधून, ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ आणि ‘हेच फायनल’ यांतलं खरं कुठलं ते ठरवून सगळं पुन्हा टाइप होतं. काकांच्या मते दोष डिस्कचा, ‘पूर्वीसारखा माल राहिला नाही.’

त्यानंतर स्मशानवैराग्य. आठवडाभर रोज संध्याकाळी उदबत्ती लावावी तसा बॅकप. मग ‘आज लाइट गेली होती’, मग ‘उद्या घेऊ’. जगात २०११पासून ३१ मार्चला बॅकप दिन पाळतात, असं भाच्याने कळवलं. तेव्हा काका हसले. मार्चअखेर सोडून दुसरा दिवस नाही मिळाला?

तुमचं काही काकांकडे टाइपला असेल, तर आज जाताना पेन ड्राइव्ह न्या आणि फाइल मागून घ्या. ती उघडते का, हेही तिथेच पाहून घ्या.