खाते बदलणारा ताप

औषधाची किंमत कमी करण्याचा सर्वांत निर्दोष उपाय म्हणजे ती शून्य करणे, आणि महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांना तसा हुकूम फर्मावून औदार्याची परिसीमा गाठली. मात्र यवतमाळचे सर्वांत मोठे सरकारी इस्पितळ, म्हणजे वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाचे, वैद्यकीय शिक्षण खात्याच्या दप्तरी असल्यामुळे त्या हुकुमाच्या कक्षेत आले नाही. त्याच जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयात ज्या तापाला केसपेपरचेही पैसे पडेनात, तोच ताप एसटीत बसून जिल्ह्याच्या गावी पोचला की खाते बदलू लागला. आता हे त्या बिचाऱ्या तापाला कोणी कळवावे! औषधखरेदीची कथाही तितकीच रम्य: २०१७ साली ती हाफकिन या सरकारी औषध महामंडळाकडे सोपवली, तेथे ती रेंगाळली, तेव्हा २०२३ मध्ये कायदा करून तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले. आजाऱ्याला मात्र निविदा उघडेपर्यंत धीर धरण्याची शास्त्रोक्त सवय नसल्याने, ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळताच तो तिची चौपदरी घडी करून, कापसाच्या विक्रीतून उरलेल्या नोटांसह, फाटकासमोरच्या दुकानाकडे वळतो. तेथे औषध छापील किमतीस, तत्काळ आणि कोणत्याही खात्याची पृच्छा न करता मिळते.