अजून एक बॅटरी जोडू!

इन्व्हर्टर घेताना घराच्या गरजा साध्या असतात : दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. एवढ्यात भागतं. मग वायरमन त्याच लाइनवर फ्रिज घेतो, पाठोपाठ मिक्सर येतो आणि एके सकाळी पाहुणे आलेले जावई २००० वॅटचा गीझर लावतात. इन्व्हर्टर किंचाळून गप्प होतो. जावयाला बोलता येत नाही, म्हणून बॅटरीला बोलतात.

यावर कुटुंबप्रमुखांचा तोडगा ठरलेला : ‘अजून एक जोडू!’ पाच वर्षं राबलेल्या बॅटरीला नवी कोरी समांतर जोडतात आणि नवीची निम्मी कमाई थकलेल्या थोरलीला पोसण्यात जाते. एकत्र कुटुंबच ते. शिवाय बॅटरीने वेळ वाढतो, ताकद नाही. ८०० व्हीएचा इन्व्हर्टर ८०० व्हीएचाच राहतो. (व्हीए म्हणजे वॅट नव्हेत, हे दुकानदाराला बिल फाडल्यावरच आठवतं.) चार्जरही जुनाच, त्यामुळे दोघी भरेपर्यंत पुन्हा लाइट जाते. डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम मात्र या खरेदीला विरोध करणाऱ्याच्याच गळ्यात पडतं.