गळाला लागलेली सवलत

नाना मासे खात नाहीत. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी खाल्ल्याचं ऐकिवात नाही. तरीही बँकेतून निवृत्त झाल्यावर ते फ्लाय फिशिंगला लागले, आणि त्यामागचं कारण त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. हिमाचलच्या सहलीत तीर्थन नदीवर त्यांनी एका माणसाला ट्राउट पकडून पुन्हा पाण्यात सोडताना पाहिलं. “पकडायचा आणि सोडायचा! तेल नाही, मसाला नाही, गॅस नाही. खर्च असा काही नाहीच रे!” बस सुटायच्या आत त्यांचा हिशेब झालेला होता.

लागले म्हणजे खरेदीला लागले. पाण्यात अजून उतरायचे आहेत.

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. पैसे नसतात असं नाही, पण कुठलीही वस्तू छापील किमतीला घेणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. मिक्सर घ्यायचा असो की गुडघा बदलायचा असो, लोक आधी नानांना फोन करतात. ट्राउटचीही त्यांनी पुरती चौकशी केली होती. तो मुळात हिमालयातला नव्हे. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास त्याची अंडी बोटीनं काश्मीरला आणवली. पहिली खेप वाटेतच मेली, हे नाना मोठ्या समाधानानं सांगतात. “चौकशी न करता मागवलं की असंच व्हायचं.”

ज्ञान मात्र पक्कं, त्याबद्दल शंका नको. साध्या गळाला शिसं बांधलेलं असतं, ते दोरीला ओढून नेतं. इथे गळावरची माशी पिसांची आणि दोऱ्याची, तिला वजन कसलं? म्हणून वजन लाइनमध्येच भरलेलं असतं आणि त्याचे नंबर ठरलेले असतात. पाच नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात. तिला रॉडही पाच नंबरचा लागतो. नवशिक्यानं डोळे मिटून 9 फुटी, पाच नंबरी रॉड घ्यावा. पैसे घालायचेच तर लाइनमध्ये घालावेत. रील स्वस्तातलं चालतं, कारण लहान ट्राउटसाठी ते लाइन गुंडाळून ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. हे सगळं नानांनी मला जिन्यात उभं करून समजावलं, तेही हातात दुधाची पिशवी धरून. पिशवी गळत होती. रीलवर आलो तेव्हा ओघळ पहिल्या मजल्यावर पोचला होता.

आणि मग त्यांनी आठ नंबरचा रॉड घेतला.

साठ टक्के सवलत होती. आठ नंबर समुद्रातल्या, नाहीतर चांगल्या थोराड माशांसाठी. पाच नंबरची लाइन त्याला लावली तर रॉड वाकायचंच नाव घेत नाही. “ते खरं, पण साठ टक्के!” पुढे पाच नंबरचा आला, तो दोन तुकड्यांचा. साडेचार फुटांचं ते लांबडं घेऊन विमानात बसणार कसं? म्हणून चार तुकड्यांचा तिसरा आला. तिन्हींच्या किमतीत एक उत्तम रॉड येऊन वर जेवणाचे पैसे सुटले असते. ही बेरीज माझी. नाना वाचलेल्या पैशांची बेरीज ठेवतात, तिची वही वेगळी आहे.

लाइन घेताना मात्र त्यांची प्रतिभा उजळली. बहुतेक लोक ‘वेट फॉरवर्ड’ घेतात. तिचं वजन पुढच्या अंगाला असतं. नानांनी ‘डबल टेपर’ शोधून काढली. तिची दोन्ही टोकं सारखीच निमुळती, एक झिजलं की उलटी गुंडाळायची आणि दुसरं वापरायचं. मधे विरलेली चादर उभी फाडून, कडा मधे घेऊन पुन्हा शिवणाऱ्या घरात नाना वाढलेले. ते भाव विचारायचंही विसरले.

किरकोळ सामानात तर त्यांचा हात धरणारा नाही. धागा कापायला खास कात्री मिळते; नानांनी नेलकटरला दोरी ओवून तो गळ्यात घातला. गळ सोडवायला सर्जिकलच्या दुकानातला आर्टरी फॉरसेप. पाण्याखालचा मासा दिसायला पोलराइज्ड गॉगल हवा. जुन्या बाजारात नानांनी विक्रेत्याचाच मोबाइल मागून घेतला, गॉगल त्याच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवला, पडदा काळा पडल्यावर मान डोलावली, आणि मग काच ‘थोडी चरलेली’ आहे म्हणून भाव पाडला. फ्रँक सॉयर या इंग्रज नदीरक्षकानं ‘फेझंट टेल’ नावाची माशी दोऱ्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेनं बांधली, म्हणजे ती आपसूक बुडते. हे कळल्यापासून नानांच्या पत्नी माईंचा जळका मिक्सर भंगारात जायचा राहिला आहे. मोटरची तार निघते आहे. फेझंटऐवजी देव्हाऱ्यातलं मोरपीस.

सराव गच्चीवर. गळाच्या जागी माईंच्या केशरी लोकरीचा गोंडा. लाइन मागे टाकली की ती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं असतं. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. सवलत संपायच्या आत ऑर्डर टाकणाऱ्या हाताला ते कसं जमावं? फट्कन आवाज होतो आणि गोंडा तुटून दुसऱ्या मजल्याच्या पापडांत जाऊन पडतो. नाना तो परत मागायला जातात. “लोकर आहे हो, फुकट येत नाही.”

शेवटी तीर्थनचं ठरलं. खोली निम्म्या दरात, विमानाचं तिकीटही उतरलेलं, नाना खुशीत. मी तारखा पाहिल्या. डिसेंबरचा दुसरा आठवडा. ट्राउट थंडीत अंडी घालतो, म्हणून हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याची मासेमारी बंद असते. नानांच्या वहीत हे लिहिलेलं होतं, नाही असं नाही. फक्त भाड्याच्या रकान्यात नव्हतं.

मी सांगितलं. नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढून वाचलेल्या पैशांची वही उघडली.

“म्हणजे परवान्याचेही वाचले की रे!”